चौतीस ओळी

६ मार्च

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे मनातल्या मनात म्हटलंय असं समज. वरच्या चार ओळी त्यात घालवल्या तर तूच म्हणशील, मुद्द्यावर ये.

पोस्टाचं पाकीट हातात पडल्याबरोबर तुला कळलं असेल की काहीतरी बिनसलंय. ‘किल्लीवर संशय आला की फोन नाही, मेल नाही, शाई आणि कागद’ हा नियम तुझाच. पहिल्या वर्षी तू तो केलास तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आज एकोणीस वर्षांनी तो पहिल्यांदा पाळतोय आणि हसू येत नाहीये.

झालं ते सगळं सविस्तर लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण उद्या चौकशी झाली तर हे पत्र कुणीही वाचेल.

आपला प्रोग्राम सलाईनच्या पंपात बसतो आणि रुग्णाच्या वजनाप्रमाणे औषध किती वेगाने सोडायचं ते ठरवतो. तो सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही उघडून वाचावा, बदल सुचवावा. पण बदल पंपापर्यंत पोचायचा तर दोन सह्या लागतात, एक लिहिणाऱ्याची आणि एक वाचणाऱ्याची. लिहितो मी, वाचतोस तू. सही म्हणजे पेनाची नव्हे, आपापल्या खाजगी किल्लीने संगणकावर केलेली, जिची नक्कल कुणाला करता येत नाही. ज्या कूटलेखनाने ती होते तेही खुलंच आहे. तुझं वाक्य मी भाषणात कितीदा चोरलंय: कुलूप सगळ्यांना दाखवावं, किल्ली कुणाला दाखवू नये.

गेल्या आवृत्तीत बाळांच्या औषधांचा तक्ता नव्याने लिहिला. त्यात दीड ते दोन किलो वजनाच्या ओळीत मी खालच्या ओळीतला आकडा टाकला. चूक माझी, शंभर टक्के माझी. एका इस्पितळात पावणेदोन किलोच्या बाळाला दीड दिवस जवळजवळ दुप्पट औषध गेलं. तिथल्या पंपांची देखभाल करणाऱ्या बाईंना थेंबांचा वेग बघून शंका आली आणि त्यांनी पंप बंद केला. बाळ अतिदक्षता विभागात आहे. मी ती आवृत्ती त्याच दिवशी मागे घेतली, सगळ्या इस्पितळांनी जुनी परत चढवली.

आता माझा प्रश्न. त्या आवृत्तीवर तुझी सही आहे.

दादा, शाळेत असल्यापासून माझ्या चुका तू पकडत आलास. एक अर्धविराम सुटला तर बारा शेरे मारून परत पाठवणारा माणूस तू. तो आकडा तुझ्या नजरेतून सुटणं शक्य नाही. आणि मागे वळून बघितलं तर अकरा महिने झाले, तुझा एकही शेरा आलेला नाही. नुसती सही येते, सोबत ‘ठीक’ एवढा शब्द. मी मूर्ख, मला वाटलं मी सुधारलो.

मला वाटतं तुझ्या किल्लीने दुसरंच कुणीतरी सही करतंय. ही सही तू केलीस का, ते तुझ्या हस्ताक्षरात लिहून पाठव. किल्लीच्या संगणकाला तोवर हात लावू नकोस.

धाकटा

*

११ मार्च

प्रिय भाऊजी,

पत्र यांच्या नावाचं होतं, उत्तर मी देतेय. यांचा उजवा हात मनगटात मुरगळलाय, लिहिता येत नाही. काळजीचं कारण नाही, शेक देतेय.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. त्या बाळाचं काय झालं ते कळवा.

हे म्हणाले, सही माझीच आहे, धाकट्याला सांग. पण भाऊजी, माणूस आहे. वय झालंय. तुम्ही यांना देवाच्या जागी बसवून ठेवलंयत, त्याला यांचा इलाज नाही. शेरे मारत नाहीत म्हणून तक्रार करताय. पूर्वी शेरे यायचे तेव्हा ‘दादा मला शाळकरी समजतो’ म्हणून माझ्याकडे रडत होतात, ते विसरलात.

आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं ते लिहिते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत इंटरनेट बंद पडलं होतं तेव्हा दुरुस्तीवाला आला होता. यांच्या खोलीत तासभर एकटाच होता. मी चहा टाकायला गेले होते. किल्लीचा संगणक तिथेच असतो. त्याला इंटरनेटची तार नाही हे मला माहीत आहे, पेनड्राइव्हने ने-आण होते हेही माहीत आहे. तरी पण खोलीत होता एवढं खरं. त्यापलीकडे मला काही सांगता यायचं नाही.

तुमच्या पत्रात ‘सविस्तर’ बरोबर लिहिलंयत. नवल वाटलं. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, डोळा तिकडेच जातो.

यांना फोन करू नका. नियम आहे ना.

वहिनी

*

१५ मार्च

वहिनी,

हात मुरगळला असेल तर डाव्या हाताने लिहू दे. वेडंवाकडं चालेल. मला दादाच्या हातचा कागद हवाय, तुमच्या हातचा नको. रागावू नका. पण उद्या तुमच्यासमोर बसून कुणी तुमच्याकडून लिहवून घेत असेल तर मला कसं कळणार? मी असाच विचार करायला शिकलोय, आणि तुमच्या नवऱ्यानेच शिकवलाय.

दुरुस्तीवाल्याचं सांगितलंत ते बरं केलंत. आता चित्र जुळतं. तासभर पुष्कळ झाला. किल्ली चोरायला पाच मिनिटं लागतात, परवलीचं वाक्य कुठे लिहून ठेवलेलं असेल तर. दादाने लिहून ठेवलं असेल असं वाटत नाही, पण तुम्हीच म्हणता, वय झालंय.

बाळ व्हेंटिलेटरवर नाही, एवढीच माहिती आहे. इस्पितळ मला जास्त सांगत नाही, आणि का सांगावं.

मी काय करणार आहे ते स्पष्ट सांगतो. आठ दिवसांत दादाचा कागद आला नाही तर त्याची किल्ली चोरीला गेली असं मी जाहीर करणार. ते जाहीर झालं की गेल्या अकरा महिन्यांतल्या त्याच्या सगळ्या सह्या संशयित ठरतील. सहा आवृत्त्या. एकशे चाळीस इस्पितळांतले पंप पुन्हा मागच्या वर्षीच्या प्रोग्रामवर जातील, त्यात आपण दुरुस्त केलेल्या तीन जुन्या चुका परत येतील. तीही काही चांगली गोष्ट नाही. पण चोर आत असताना दार उघडं ठेवता येत नाही.

दादाचं नाव मात्र स्वच्छ राहील. त्याच्या नावाने कुणी दुसऱ्याने केलं, एवढंच लोक म्हणतील.

त्या दुरुस्तीवाल्याच्या कंपनीचं नाव कळवा.

धाकटा

*

२१ मार्च

भाऊजी,

कंपनीचं नाव देणार नाही. तो माणूस बिचारा तार जोडून गेला. चहाही अर्धाच प्यायला. मी त्याचं नाव पुढे केलं, माझी जीभ झडायला हवी होती.

हात मुरगळलेला नाही. हात धडधाकट आहे. डोळे गेलेत.

काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा, पाणी पेल्याच्या बाहेर ओतलं जायचं. डॉक्टरांकडे गेलो तोवर उशीर झाला होता. गेल्या वर्षीच्या मार्चपासून पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. आता उजेड आणि अंधार कळतो, खिडकीत मी उभी असले तर कुणीतरी उभं आहे इतकं कळतं. तुम्ही दोन वर्षांत आला नाहीत आणि फोनवर आवाज तसाच खणखणीत, त्यामुळे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं. तुम्हाला सांगायचं नाही, असं यांनी मला बजावलं होतं. म्हणाले, धाकट्याला कळलं तर तो वाचायला दुसरा माणूस शोधेल, आणि मग मी सकाळी उठून काय करू?

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

मग आम्ही असं सुरू केलं. छापखान्यात आम्ही जोडीने मुद्रितं तपासायचो. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, कंस सुरू, कंस पूर्ण, स्वल्पविराम, नवी ओळ, सगळं तोंडाने म्हणायचं, दुसरीने छापलेल्यावर बोट ठेवून बघायचं. मी यांना म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण अक्षर न गाळता वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. रोज सकाळी दहाला बसायचं. सुरुवातीला ओळी किती ते सांगायचं आणि मग वाचायला लागायचं. हे डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात वर करायचे, म्हणजे थांब, ती ओळ पुन्हा. दोनदा तुमच्या चुका यांनी कानाने पकडल्या आणि स्वतःच दुरुस्त करून घेतल्या माझ्याकडून. शेरे लिहायचे तर ते माझ्या शुद्धलेखनात आले असते आणि तुम्ही ओळखलं असतं, म्हणून नुसतं ‘ठीक’.

वाचून दाखवणारं यंत्र असतं हे मला माहीत आहे. तुम्ही विचारणारच. किल्लीच्या संगणकावर नवं काही चढवायचं नाही, हा यांचा नियम. आणि खरं सांगू, मलाही नकोच होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे काय करतात ते मला पहिल्यांदा ऐकू येत होतं.

परवलीचं वाक्य हे स्वतः टंकतात. मला सांगितलेलं नाही. किल्ली कुणाच्या हाती लागलेली नाही भाऊजी. तुमचं कुलूप शाबूत आहे.

आता जे लिहायचंय ते.

तो बाळांचा तक्ता आला त्या दिवशी मला बारीक ताप होता, आवाज बसला होता. चारशे बारा ओळी होत्या. निम्म्यावर तो तक्ता आला. चौतीस ओळी, सगळ्या सारख्या, कंस, आकडा, स्वल्पविराम, आकडा, कंस. छापखान्यात तक्ते आमच्याकडे नसत. ते दुपारी दुसरी जोडी बघायची. मजकूर वाचताना तक्ता आला की ‘तक्ता’ म्हणून पुढे जायचं, ही तीस वर्षांची सवय. मी ‘तक्ता’सुद्धा म्हटलं नाही. गुपचूप त्याच्या खालची ओळ वाचायला घेतली. मनात म्हटलं, यांना काय कळतंय. भाऊजी, हे शब्द मी मनात म्हटले होते.

त्या चौतिसांतच तुमची ती ओळ होती.

यांना हे माहीत नाही. तुमचं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा यांनी त्या ओळीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, मला ती ओळ ऐकल्याचं आठवत नाही, म्हणजे आता डोकंही गेलं. आणि तेव्हापासून मला दिवसातून चार वेळा विचारतात, आज वार कोणता, काल आपण काय बोललो. स्वतःची परीक्षा घेतात. मी बघते आणि तोंड उघडत नाही.

माझं एक मागणं आहे. तुम्ही म्हणालात तेच करा. किल्ली चोरीला गेली म्हणा. कुणा एकाचं नाव घेऊ नका, नुसतं चोरीला गेली म्हणा. चोर सापडत नाहीत कितीतरी. यांचं नाव स्वच्छ राहील, हे तुम्हीच लिहिलंयत. एकोणीस वर्षांचं एवढं एकच यांच्याकडे उरलंय.

वहिनी

*

२७ मार्च

दादा,

हे पत्र तुला आहे. वहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, एकही ओळ न गाळता वाचा. इथे थांबून पाकीट कपाटात ठेवलंत तरी मला कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही. पण वाचा.

दादा, मला सगळं कळलंय. डोळ्यांचं कळलं. सकाळी दहाच्या वाचनाचं कळलं.

तुझं डोकं गेलेलं नाही. ती ओळ तू ऐकली नाहीस, कारण ती वाचलीच गेली नाही. तक्त्याच्या चौतीस ओळी गाळल्या गेल्या. वहिनींना ताप होता. हे तुझ्यापासून लपवलं गेलं आणि मला चार दिवसांपूर्वी कळलं. तू दिवसातून चार वेळा वार विचारतोस असं ऐकलं, ते आता बंद कर.

मला राग कुणाचा आला होता ते विचार. आधी वहिनींचा, पाच मिनिटं. मग तुझा, दोन दिवस. डोळे गेले आणि भावाला कळवलं नाहीस. मी तिऱ्हाईत आहे का? मग विचार केला, कळवलं असतंस तर मी काय केलं असतं. ‘दादा आता तू आराम कर’ असं गोड बोललो असतो आणि महिन्याभरात नवीन माणूस बघितला असता. तू मला नीट ओळखतोस. तेच जास्त लागलं.

मी चोरीचं जाहीर करायला बसलो होतो. पत्रक लिहून तयार होतं. वहिनींनी माझ्याकडे तेच मागितलंय, आणि त्यांचं मागणं मी आयुष्यात कधी मोडलेलं नाही. पाठवायच्या बटणावर बोट ठेवायचं बाकी होतं. मग त्या दुरुस्तीवाल्याची आठवण झाली. वहिनींचं पत्र यायच्या आधीच मी त्याची कंपनी शोधून काढून तक्रारीचा मसुदा करून ठेवला होता. त्याच्या नावासकट. नसलेला चोर जाहीर केला की तो कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसतोच. तो मसुदा मी फाडला.

आणि दुसरं. चोरी म्हटलं की सगळे चोर शोधतील. त्या सहा आवृत्त्यांत आणखी काही गाळलं गेलंय का ते कुणी बघणार नाही. त्या अजून मागे घेतलेल्या नाहीत, दादा. शेवटची सोडून पाच आजही पंपांत आहेत.

तुझी किल्ली रद्द करायला हवी. ते फक्त तू करू शकतोस, तुझ्या परवलीने. संगणक कारण विचारतो, तीनच पर्याय देतो: किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली, किल्ली बदलली, किल्ली आता वापरात नाही. त्यातलं कुठलं निवडायचं आणि सोबत काय लिहायचं, ते मी तुझ्यावर सोडतो. तू पहिलं निवडलंस तर मी तोंड मिटून घेईन. असं म्हणायला नको, पण म्हणतो. तू माझा भाऊ आहेस.

धाकटा

*

४ एप्रिल

धाकट्या,

हे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. काही ओळी लिहायला ती तयार नव्हती. त्या लिहवून घेतल्या आहेत.

तुझं पत्र तिने पूर्ण वाचलं. मध्ये तीनदा थांबली, पण वाचलं. मग आपल्या दोन पत्रांच्या कच्च्या प्रती काढून आणल्या. पक्कं करण्याआधी कच्चं लिहायचं, ही छापखान्याची सवय. त्याही वाचल्या. तिच्याकडून आता लपवालपव उरलेली नाही.

तुम्ही दोघं एका गोष्टीत चुकलात. तक्ता गाळला गेला हे मला माहीत होतं.

ती सुरुवातीला ओळींची संख्या सांगते. त्या दिवशी चारशे बारा सांगितल्या. मी बोटांच्या पेरांवर मोजतो, रोजच मोजतो, ते तिला ठाऊक नाही. तीनशे अठ्ठ्याहत्तर भरल्या. चौतीस कमी. कुठे कमी तेही लक्षात आलं, कारण तक्ता येणार हे तू आधी कळवलं होतंस आणि तो आलाच नाही.

मी विचारलं नाही. तिचा आवाज बसला होता आणि विचारलं असतं तर ती ओशाळली असती, चौतीस ओळी वाचत बसली असती, आणि कदाचित मग म्हणाली असती की हे आपल्याच्याने होणार नाही. तेच ऐकायची मला भीती होती. शिवाय तक्ता धाकट्याने केलाय, म्हणजे नीटच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. आणि सही केली.

तू लिहितोस की दादाच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून तू निर्धास्त होतास. मी तुझ्या भरवशावर निर्धास्त होतो. दोन सह्यांचा नियम आपण एकमेकांवर विश्वास नाही असं धरून केला होता. विश्वास बसला आणि नियम मेला.

तेव्हा गाळण्याचा दोष तिच्यावर ठेवू नकोस. तिने गाळलं ते थकून. मी सही केली ती जाणून. वाराबिराची परीक्षा मी घेत होतो ती नाटक म्हणून नव्हे. आठवत असलेली गोष्ट आठवत नाही असं ठरलं तर बरं होईल, असं मला वाटत होतं. हे तिला आत्ता, लिहिताना कळतंय. क्षणभर थांबली आहे. हं, लिही.

यंत्राचंही सांगतो. नियम वगैरे काही नव्हता, गर्व होता. आंधळ्यांसाठीचं यंत्र लावलं की मी आंधळा ठरलो. यंत्राने चौतीस ओळी गाळल्या नसत्या. काल ते लावून घेतलं. आवाज रटाळ आहे, पण प्रामाणिक आहे.

किल्ली आज सकाळी रद्द केली. तिसरा पर्याय निवडला, वापरात नाही. चोर नव्हता, तर चोर लिहिता येत नाही. सोबतचा मजकूर मी एकट्याने, यंत्राचं ऐकत टंकला, तो असा, जसाच्या तसा सगळ्या इस्पितळांना पाठव:

‘गेल्या वर्षीच्या मार्चपासून मला दिसत नाही. त्यानंतरच्या सहा आवृत्त्यांवर मी दुसऱ्याकडून ऐकून सही केली आणि हे कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या आवृत्तीत चौतीस ओळी तपासल्या गेल्या नाहीत हे मला सहीच्या वेळी माहीत होतं. बाकीच्या पाच पूर्ण ऐकल्या, संख्या मोजली होती. तरी त्या डोळ्यांनी पुन्हा तपासाव्यात. माझी सही तिथे होती, तिचा अर्थ तिथे नव्हता.’

खाली माझं नाव घातलंय.

वाचणारा नवीन माणूस तू शोध. मला वाटतं त्या पंपांच्या देखभालीच्या बाईंना विचारावं. आपण दोघं पडदा बघत होतो, त्यांनी थेंब बघितले.

शेवटचं, आणि हे पहिलं असायला हवं होतं. तुम्हा दोघांच्या पत्रांत माझं नाव पानापानावर आहे. स्वच्छ राहील, राहणार नाही, काय करायचं. त्या बाळाची चौकशी तिने एकदा केली, तू एका ओळीत उत्तर दिलंस, आणि मग दोघंही विसरलात. मी तर तेवढीही केली नाही. ते कोणतं औषध होतं ते मी यंत्राकडून वाचून घेतलं. जास्त झालं तर ते कान घालवतं. तू तिथे जा. फोन करू नकोस, जा.

दादा

*

१९ मे

दादा, वहिनी,

पत्रक गेलं त्याला सहा आठवडे झाले. नऊ इस्पितळांनी आपला प्रोग्राम सोडला. त्यांना मी दोष देत नाही. बाकीची आहेत. पाच आवृत्त्या चार जणांनी मिळून पुन्हा तपासल्या, गाळलेलं काही निघालं नाही. एका अनोळखी माणसाने तुझ्याबद्दल फार वाईट लिहिलंय आणि दुसऱ्या एकाने फार चांगलं. दोन्ही तुला वाचून दाखवावंसं वाटलं नाही, पण मागितलंस तर पाठवीन. गाळणार नाही.

पंपांच्या बाई तयार झाल्या. त्यांची अट अशी की त्या कोड नुसता वाचणार नाहीत, प्रत्येक आवृत्ती खऱ्या पंपावर चढवून, खाली मोजपात्र ठेवून थेंब मोजणार आणि मगच सही करणार. त्यांची किल्ली बनवायला मी स्वतः त्यांच्या इस्पितळात गेलो. समोरासमोर बसून किल्लीचा ठसा, ती लांबलचक अक्षरांची ओळखखूण, एकेक अक्षर मोठ्याने वाचून पडताळला. मी घाईत होतो. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

त्याच दिवशी बाळाच्या कानांची तपासणी होती, तीही बाईंनीच सांगितली. मी थांबलो. तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, तिथे बाळाची आई एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असे तासभर बसलो. आधी मी कोण ते सांगितलं नाही. मग सांगितलं. ती ओळ माझी होती हेही सांगितलं.

तिने आवाज चढवला नाही. विचारलं, “असं काही पाठवायच्या आधी कुणी बघत नाही का?”

मी म्हटलं, “दोघं बघतात. मी आणि माझा मोठा भाऊ.”

“मग?”

“दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने बघितलंय.”

मला वाटलं, ती उठून जाईल. मी तुझ्या डोळ्यांचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, दया मागितल्यासारखं होतं ते. पण तिने पत्रक वाचलेलं होतं. तिला माहीत होतं.

तेवढ्यात आतून बोलावलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, बाळ खांद्यावर. सरळ निघून गेली असती तरी चाललं असतं. दारापर्यंत जाऊन मागे फिरली. मी उभा राहिलो.

म्हणाली, “डाव्या कानाने ऐकत नाही. आता ऐकणारही नाही म्हणाले.” बाळाला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “उजव्याने ऐकतंय. तुमच्या भावाला सांगा.”

म्हणून लिहितोय.

धाकटा